नाटकातल्या मयताची अंघोळ

नाटकात माणूस मेला तर बघणाऱ्यानं घरी येऊन अंघोळ करायची की नाही, हे आम्हाला शाळेत शिकवलं नव्हतं. निदान मी शाळेत होते तोपर्यंत तरी नाही. पुढच्या वर्गात शिकवत असतील तर माहीत नाही, मला दहावीच्या गणितानं पुढं जाऊच दिलं नाही.

माझं माहेर देवळ्याकडं, सासर नाशकात इंदिरानगरला. माहेरी सगळे कांदा लावतात, कांदा काढतात आणि कांद्यावरच बोलतात. सासरी फक्त सासूबाई बोलतात. त्यांना मी आई म्हणते. आई सरकारी ऑफिसातून रिटायर झाल्या आणि आता हाताखाली कोणी नाही म्हणून त्यांनी कॉलनीतल्या बायकांचं मंडळ काढलं, एकांकिका रसग्रहण मंडळ. एकांकिका म्हंजे छोटं नाटक, एका बैठकीत संपतं, मधे चहा-वडा नसतो. आणि रसग्रहण म्हंजे ते नाटक बघून आल्यावर रविवारी आमच्या हॉलमधे बसून त्याच्यावर बोलायचं, तेव्हा चहा-वडा असतो. तो मी करते.

मंडळाचा नियम असा, की आजच्या लेखकांचंच बघायचं. जुनं सगळ्यांनी बघितलंय, आईंचं म्हणणं. शिवाय आजचा लेखक जिवंत असतो, त्याला घरी बोलावता येतं, बाया त्याला प्रश्न विचारतात आणि तो ‘ते मी प्रेक्षकांवर सोडलंय’ म्हणून वडा खातो. मी हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून ऐकायचे. मला कोणी काही विचारत नव्हतं आणि मी लय सुखात होते. (नाशकात आल्यापासून मी ‘खूप’ म्हणायला शिकलेय, पण घाबरले की परत लय होतं.) आणि घाबरते तर मी सगळ्यालाच. लिफ्टला घाबरते, इंग्रजीत बोलणाऱ्या डॉक्टरणीला घाबरते, आईंना घाबरते, आणि पिहू झाल्यापासून तर तिला शिंक आली तरी माझं पाणी पाणी होतं.

आता आखाजीचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. आखाजी म्हंजे अक्षय्य तृतीया, आमच्या बाजूला तेव्हा सासुरवाशिणी माहेरी जातात. झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि तेवढे दिवस भाजीत मीठ कमी का पडलं हे कोणी विचारत नाही. लग्नानंतर पहिल्या आखाजीला मला दिवस गेलेले, डॉक्टरीण म्हणाली प्रवास नको. दुसऱ्या आखाजीला पिहू एवढीशी, आई म्हणाल्या ऊन किती आहे. यंदा मी लय आधी विचारून ठेवलं. आई म्हणाल्या, "बघू." आता आईंचं ‘बघू’ म्हंजे सरकारी ऑफिसातलं बघू, ते कधी निघेल कोणी सांगू शकत नाही.

तर त्या शनिवारी आईंचे गुडघे धरले. संध्याकाळी नाटक. मंडळाची अध्यक्षच नाही गेली तर रविवारी बोलणार काय? आईंनी इकडं तिकडं बघितलं, आमचे हे अंबडला कंपनीत, त्यांची रात्रपाळी, ते झोपून उठून निघालेले. शेवटी नजर माझ्यावर आली.

"वरच्या काकूंबरोबर तू जा. आणि उद्या माझ्याऐवजी तू बोल."

मी म्हटलं, मी? मला काय येतंय?

"चार वाक्यं नीट बोललीस तर आखाजीला खुशाल आठ दिवस जा."

मी ओढणी घेऊन दारात उभी पण राहिले. आईंनी जाता जाता बजावलं, ‘छान होतं’ असं म्हणायचं नाही. छान होतं हे रसग्रहण नसतं. मी म्हटलं, मग वाईट होतं म्हणू का? आईंनी डोळे मिटून घेतले. मग आशय, नेपथ्य, प्रकाशयोजना असे शब्द माझ्याकडून म्हणून घेतले, जसं पिहूकडून काऊ-चिऊ म्हणून घेतात.

नाटकाचं नाव होतं ‘चौथा कुठाय?’. हॉल छोटा, स्टेज नाहीच. सगळ्यांनी तीन बाजूंनी चटईवर बसायचं. लेखकाचं म्हणणं, नाटक आणि माणसांच्यात अंतर नको. मला अंतर हवं होतं, पण मला कोणी विचारलं नाही, आणि काकूंनी मला ओढत नेऊन सगळ्यात पुढं बसवलं. मोबाइल बंद करा, असं सांगितलं. मी बटण दाबून धरून पार काळा होईस्तोवर बंद केला. (बाकीच्यांनी नुसता आवाज बंद केला होता. हे मला नंतर कळलं, आणि नंतर म्हंजे फारच नंतर.)

लाइट लागली तर माझ्यासमोर मयत! हातभर अंतरावर. तिरडी, बांबू, मडकं, गवऱ्या, पांढरं कापड, सगळं जिथल्या तिथं. बाप गेलाय. तीन भाऊ आलेत, चौथ्याची वाट बघतायत, कारण खांदा द्यायला चौघं लागतात. चौथा येतो म्हणतो आणि येतच नाही. तिघं हातात मोबाइल घेऊन रेंज शोधत बापाभोवती फिरतायत, कोणी खुर्चीवर चढतंय, कोणी बापाला ओलांडून जातंय. लोक हसत होते. मी रडत होते. मला आमचे आबा दिसायला लागले, माझे वडील हो, ते देवळ्यात धडधाकट आहेत, पण मला तिथंच दिसायला लागले. ओढणीचं टोक भिजलं, मग दुसरं टोक भिजलं. डोळे सुजून वडे झाले.

शेवटी मोठा भाऊ लोकांकडं वळला, म्हणाला, "चौथा कोणी आहे का?" कोणी हललं नाही. मग त्यानं फुलांची टोपली उचलली. "निदान फूल तरी वाहा." आणि टोपली घेऊन नेमका माझ्यापुढं येऊन उभा राहिला. आता तुम्हीच सांगा, मयतापुढं कोणी हातात फूल दिलं तर माणूस ‘हे खरं की नाटक’ असं विचारत बसतं का? मी उठले, ओढणी डोक्यावर घेतली, फूल वाहिलं, खाली वाकून पायाला हात लावला.

पायाचा अंगठा हलला.

मी किंचाळले, लाइट गेली, आणि टाळ्या. नाटक संपलं होतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि मी अंधारात काकूंचं मनगट घट्ट धरून होते. काकू म्हणाल्या, काय शेवट केलास गं, अंगावर काटा आला. माझ्या अंगावरचा तर अजून जायचा होता.

रिक्षात बसल्यावर माझ्या डोक्यात एकच. मी मयताला हात लावलाय आणि घरी लहान पोर आहे. आता ते मयत खरं नव्हतं हे मला पण कळतं, एवढी काही मी ही नाही. पण काकूच म्हणाल्या, लेखकाला खोटं चालत नाही म्हणे, बांबू-मडकं-कापड सगळं खऱ्या दुकानातून आणलंय, जिथून सगळे आणतात तिथून. झालं. म्हंजे माणूस खोटा, पण सामान खरं. मग अर्धी तरी अंघोळ लागत असेल ना? मी हळूच विचारलं, "काकू, अंघोळ करावी लागते का हो?" काकू म्हणाल्या, कर की, उकडतंय किती. पुढं काही विचारायची माझी हिंमत झाली नाही. लगेच म्हणतील, देवळ्याची ती देवळ्याचीच राहिली.

दार आईंनी उघडलं, कडेवर पिहू. पिहूनं माझ्याकडं झेप घेतली आणि मी दोन हात मागं उडी मारली.

"आई, तिला माझ्याकडं देऊ नका! आधी बादलीभर पाणी काढा, मी तशीच आत जाते."

माझे सुजलेले डोळे, डोक्यावर ओढणी, आणि वरून हे वाक्य. आईंचा चेहरा पांढरा झाला. पण त्यांनी काही विचारलं नाही. असं कोणी दारात आलं तर अंघोळ होईस्तोवर विचारायचं नसतं, हे शिकलेल्यांना पण माहीत असतं. आणि बातमी कळली की कळल्या जागी अंघोळ करतात, हे पण त्यांना माहीत होतं. त्यांनी हिशोब केला तो असा, की पोरीला वाटेत माहेरचा फोन आला, माहेरी कोणीतरी गेलं.

मी आत अंगावर भसाभस पाणी ओतत होते तेव्हा आईंनी बाल्कनीत जाऊन देवळ्याला फोन लावला. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, नाहीतर तुम्ही पण आमच्यासारखे गोंधळाल.

आपल्याकडं कोणी गेलं तर ‘गेलं’ असं फोनवर कोणी सरळ सांगत नाही. जरा तब्येत नरम आहे, एकदा येऊन जा, काळजीचं काही नाही, असं सांगतात. काळजीचं काही नाही म्हटलं की समजायचं, काही उरलेलं नाही. त्यामुळं आईंना सरळ विचारता येईना कोण गेलं, आणि आमच्या मायला जन्मात कधी विहिणीचा सहज फोन आला नव्हता.

"सहज फोन केला हो ताई. सगळे बरे आहात ना?"

माय म्हणते, ‘सहज’ म्हटल्यावरच ती समजली. तिनं माझंच विचारलं, "वैशू कशी शे?"

आई म्हणाल्या, "तिचं आता काही नाही. ती शांत आहे."

"आन् पोर?"

"पिहू माझ्याजवळ आहे. तिची तुम्ही मुळीच काळजी करू नका. मी आहे तिला."

मायनं विचारलं, येऊ का आम्ही. आई म्हणाल्या, या ना, घर तुमचंच आहे, धीर धरा. आणि दोघींनी डोळे पुसत फोन ठेवला, दोघींना खात्री की समोरची बिचारी सांगत नाहीये. त्यानंतर माहेरच्यांनी माझा मोबाइल लावून बघितला, तो बंद. यांचा लावला, तो कंपनीच्या नियमाप्रमाणं गेटवरच्या कपाटात. झालं, आता राहिलंच काय?

इकडं मी न्हाऊन बाहेर आले तर पाटावर ताट वाढलेलं. आईंनी! आणि मी जेवायला बसले तर माझे ओले केस त्या स्वतः पंच्यानं पुसायला लागल्या. लग्न झाल्यापासून आईंनी माझ्या डोक्याला हात लावला तो फक्त डोक्यावरची टोपली उतरवताना. मी लय घाबरले. आई ओरडल्या तर मला कळतं काय करायचं, प्रेमानं वागल्या तर काही सुचत नाही. मला वाटलं, काकूंनी फोन करून सांगितलं असणार, तुमची सून भर नाटकात किंचाळली. गेली आखाजी! म्हणून मी एक शब्द बोलले नाही. आणि मी बोलत नाही म्हणून आई मनात म्हणाल्या, केवढा धीर आहे पोरीला. अशा आम्ही दोघी वरणभातापुढं गप्प.

सकाळी मी भाकऱ्या थापता थापता ‘या एकांकिकेचा आशय आजच्या काळाला भिडतो’ हे घोकत होते. आई आत आल्या, हलक्या आवाजात म्हणाल्या, आज नाही बोललीस तरी चालेल. माझा हात तव्याला लागला. नाही बोलले तर आखाजी नाही, एवढं गणित मला येतं. मी म्हटलं, "नाही आई, काही झालं तरी मी बोलणार." आईंनी पदर तोंडाला लावला आणि बाहेर गेल्या.

मग बाया जमल्या. आईंनी दारातच एकेकीच्या कानात सांगितलं, हिच्या माहेरी वाईट बातमी आहे, विषय काढू नका. वरच्या काकूंनी तर छातीवर हात मारला, "तरीच काल रिक्षात विचारत होती, अंघोळ करावी लागते का! आणि मी मेली तिला म्हटलं, उकडतंय म्हणून कर." झालं, एकाला दोन साक्षीदार. मला यातलं काहीच माहीत नाही. मी वडे तळायला घेतले तर एक बाई आली, माझ्या हातातला झारा काढून घेतला, बस तू म्हणाली. दुसरीनं पाणी आणून दिलं. तिसरी माझा हात हातात घेऊन नुसती दाबत बसली. मला वाटलं, बापरे, मी बोलायच्या आधीच यांना माझी एवढी कीव येतेय, तर बोलल्यावर काय होईल!

तेवढ्यात लेखक आला. दाढीवाला, माझ्याच वयाचा, झब्बा घातलेला. त्याच्या मागं टीशर्टातला एक पोरगेला माणूस आला. मी त्याला ओळखलं नाही, चेहरा काल झाकलेला होता. तो चप्पल काढून आत आला, सतरंजीवर पाय पसरून बसला, आणि मी अंगठा ओळखला. मयत माझ्या हॉलमधे बसून चहा मागत होतं. बिनसाखरेचा.

आईंनी सुरुवात केली, आज माझी सून बोलेल, तिची परिस्थिती वेगळी असताना ती बोलतेय, सगळ्यांनी समजून घ्या. बाया आधीच नाक ओढायला लागल्या. मी उभी राहिले. आशय आजच्या काळाला भिडतो, एवढं म्हटलं. नेपथ्य, म्हटलं. पुढं काही आठवेना. नेपथ्य काय असतं तेच आठवेना. पिहू आईंच्या मांडीवरून माझ्याकडं बघत होती, लेखक बघत होता, अंगठा हलत होता. मग मी मनात आलं ते बोलत सुटले.

मी म्हटलं, बाप मधोमध पडलाय आणि पोरं रेंज शोधतायत, हे बघून लोक हसत होते, मला हसू आलं नाही. आमच्याकडं चौथा शोधावा लागत नाही. "आमच्याकडं नुसती कुणकुण लागली ना, तर कोण गेलं हे पण कोणी विचारत नाही. गाडी भरून माणसं येतात."

लेखक पुढं सरकून बसला. म्हणाला, "वा."

आणि खाली जिन्यातून हंबरडा आला.

"मन्ही वैशू वं... मन्ही सोनानी पोर वं..."

लेखकानं मान वर करून बघितलं, त्याला वाटलं मंडळानं साउंड लावलाय. मी आवाज ओळखला. मायच्या आवाजात, मायच्या चालीवर, माझं नाव! असं नाव घेऊन कधी रडतात ते मला माहीत होतं. मी दारात धावले आणि वरून बघितलं तर सगळा जिना माहेरानं भरलेला. पुढं माय, तिला धरून गल्लीतल्या बाया, मधे आबा टोपी हातात घेऊन, मागं आमची मोठी माय, म्हंजे आबांची आई, तिला दोघांनी उचलून धरलेली. (काकाची पिकअप रात्री लासलगावला कांदा उतरवायला गेलेली, ती पहाटे आली तशी कांद्याच्या पाल्यासकट सगळे बसून आले.) मायनं डोळे वर केले. मी दारात उभी. ती अर्ध्या हेलात थांबली.

"तू जित्ती शे?"

मी म्हटलं, "हो."

"मंग कोण गया?"

मला काय माहीत कोण गेलं? मी आईंकडं बघितलं. आई म्हणाल्या, अहो ताई, तुमच्याकडंच कोणी गेलंय ना? आबा म्हणाले, आमच्याकडचे सगळे पिकअपमधे आहेत, मोजून घ्या. मग माय एकदम म्हणाली, जावई कुठंयत? आणि कोणी उत्तर द्यायच्या आत गल्लीतल्या बायांनी माझं नाव काढून यांचं नाव घातलं आणि तीच चाल परत सुरू केली. तयारीच्या बाया, त्यांना सराव असतो.

आणि हे तेव्हा खालच्या जिन्यात बसले होते. रात्रपाळी करून दुधाच्या पिशव्या घेऊन येत होते, तर वरून बायकोच्या नावानं हंबरडा. एक पिशवी फुटून दूध पायऱ्यांवरून खाली चाललेलं आणि हे भिंतीला टेकून बसलेले, डोळे भरलेले. मी खाली पळाले, म्हटलं, अहो मी आहे, मी आहे. त्यांनी बाहीनं डोळे पुसले. मग म्हणाले, "अगं शिफ्ट फार दमवते." अजून पण विचारलं तर हेच सांगतात.

सगळे वर आले. हॉलमधे पाय ठेवायला जागा नाही. एका बाजूला मंडळ, एका बाजूला माहेर, मधे वडे. आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर, की बाई, मेलं कोण? आता सांगायला पाहिजेच होतं. मी हात लांब केला आणि त्या टीशर्टवाल्याकडं दाखवलं.

"हे गेले होते. काल."

तो कपबशी घेऊन उभा राहिला आणि सगळ्यांना नमस्कार केला. आमची मोठी माय काठी टेकत त्याच्याजवळ गेली, त्याला खालून वर बघितलं, दंड चाचपला, खात्री करून घेतली. मग डोक्यावर हात ठेवला. "खूप जगशी भाऊ," म्हणाली. आणि लगेच माझ्याकडं वळून, तू पण जगशील गं, तुझ्या नावानं देवळ्यापासून रडत आलोय.

आई मटकन खुर्चीत बसल्या. त्यांनी मला एवढंच विचारलं, की नाटकाच्या मयताची अंघोळ केलीस? मी म्हटलं, सामान खरं होतं ना. लेखकाला हसावं की रडावं कळेना, पण कोणी आपलं नाटक एवढं मनावर घेतलं नव्हतं म्हणाला. आईंनी त्याच्याकडं असं बघितलं की तो गप्प झाला.

मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून माहेरच्यांनी भाकरी आणि पिठलं बांधून आणलेलं, पंचवीस माणसांचं. आई म्हणाल्या, असलं अन्न कोणी खायचं नाही. पण तोवर लेखकाची दुसरी भाकरी चालली होती, आणि मेलेला तर कांदा फोडून मागत होता. मग मंडळाच्या बायांनी पण ताटं घेतली. वडे गार झाले. माय आणि आई शेजारी शेजारी बसून जेवल्या आणि एकमेकींना ‘पण तुम्ही सरळ विचारायचं ना’ असं म्हणत राहिल्या, सरळ अजून कोणीच बोलत नव्हतं.

दुपारी पिकअप परत गेली. मी जिना पुसला, दुधाचा वास जाईना. मग हात जोडल्यासारखं करून आईंपुढं उभी राहिले, म्हटलं, आई, मी बोलले ना चार वाक्यं? आखाजीचं?

आईंनी पेपरातून मान पण वर केली नाही. "आता आखाजीला जाऊन कोणाला भेटणार? सगळं माहेर आत्ताच येऊन गेलं की."

मी आत जाऊन भाकरीची फडकी धुतली. बादलीभर पाण्यात मी माझी आखाजी बुडवली होती, दुसऱ्या कोणी नाही. त्या दिवसापासून कॉलनीत मी दिसले की बाया विचारायच्या, काय गं, कोण गेलं? आणि हे कंपनीत निघताना म्हणायचे, आज नाटक वगैरे नाही ना, नाहीतर देवळ्याला आधीच कळवून ठेवतो.

पुढच्या नाटकाच्या वेळी आईंचे गुडघे बरे होते. त्या मला मुद्दाम बरोबर घेऊन गेल्या आणि शेजारी बसवलं, नजरेखाली. काकूंनी आधीच चौकशी केलेली, यात कोणी मरत नाही. लिहिणारी एक नवीन बाई होती. मी निर्धास्त बसले. नाटक असं, की एक बाई बॅग भरून माहेरी निघालीये. दारापर्यंत जाते की मागून हाक येते. गॅस संपला. पाहुणे आले. याचा डबा, त्याचं औषध. ती बॅग ठेवते, काम करते, परत उचलते. परत हाक. बाकी काही नाही, एवढंच नाटक. लोक हसत होते, कारण ती बाई बॅग उचलायची तीच गमतीशीर.

मी आधी ओठ चावले. मग ओढणी तोंडात घातली. आणि ती जेव्हा बॅगेतून साडी काढून घडी मोडते ना, तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते त्या दिवशी जिन्यात माय रडली त्याच्यापेक्षा मोठं निघालं. बॅग घेतलेली बाई बोलायची थांबली. सगळा हॉल वळून बघायला लागला. आईंनी आधी चिमटा काढला. मग रुमाल दिला. मग दुसरा चिमटा काढला. मी काही थांबत नव्हते, आवरतच नव्हतं मला.

"जा बाई, जा आखाजीला," आई दातओठ खाऊन कानात म्हणाल्या. "पण आधी नाक पूस, लोक बघतायत."

मी नाक पुसलं. (रसग्रहण म्हणतात ते हेच असावं. कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही.)

तर आखाजीला मी देवळ्याला गेले. एका काखेत पिहू, एका हातात बॅग, डोक्यावर ऊन, पण मी उडतच चाललेले. लांबून दार उघडं दिसलं. आमची चाहूल लागली तशी आतून माय घाईघाईनं आली, एका हातात तांब्याभर पाणी, दुसऱ्यात काहीतरी झाकलेलं. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, तिथंच थांब, आत येऊ नको.

माझ्या हातातली बॅग गळाली.

"माय," मी म्हटलं, "कोण गेलं?"

मायनं झाकलेला हात उघडला. भाकरीचा तुकडा होता, लेक आणि नात पहिल्यांदा आखाजीला आल्या म्हणून ओवाळून टाकायला.